छोटी लाइन की मोठी? आधी वरच्या ३० लाखांचं काय ते ठरव

आधी तुझा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. इंदूरच्या सांवेर रोडवर बाबांचा नमकीनचा कारखाना, अजून कढईवरच सेव निघते, कारागीर मिळेनासे झालेत, अर्धे घरचे, अर्धे बँकेचे अशी ५० लाखांची सोय झालीय. एक सेमी-ऑटोमॅटिक फ्रायर, म्हणजे छोटी लाइन, २० लाखांना, त्यातून वर्षाला ८ लाख सुटतील. दुसरी मोठी, पूर्ण ऑटोमॅटिक कंटिन्युअस लाइन ५० लाखांना, तिच्यातून वर्षाला १७ लाख. दोन्हींचं आयुष्य ५ वर्षं धरलंय, आणि जागा अशी की दोन्हीतलं एकच बसेल. भाऊ म्हणतो छतावर सोलर टाकू, २५ लाख लागतील, बिलात वर्षाला ५ लाख वाचतील, १५ वर्षं चालेल. तू पेबॅक (घातलेला पैसा किती वर्षांत परत येतो), आयआरआर (घातलेल्या पैशावर वर्षाला किती टक्के सुटतात), एनपीव्ही (पुढे येणाऱ्या पैशाची आजची किंमत, वजा आज घातलेला पैसा) सगळं काढलंस आणि प्रत्येक आकडा वेगळीकडेच बोट दाखवतोय. बाबा म्हणतात छोटी, मेव्हणे म्हणतात मोठी, भावाचं तर कुणी ऐकतच नाही. मला ताई म्हणालास आणि अरे-तुरे चालेल म्हणालास, म्हणून तसंच लिहिते.

मी कॉस्ट अकाउंटंट, पीथमपूर, पोलोग्राउंड आणि तुमच्या सांवेर रोडच्या युनिट्सचे प्रोजेक्ट रिपोर्ट करत २६ वर्षं झाली. हा तुझा घोळ मी दर दोन महिन्यांनी कुणाच्या ना कुणाच्या टेबलावर बघते, त्यामुळे घाबरू नकोस, आकडे चुकलेले नाहीत, ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत एवढंच.

तुझ्या शीटमध्ये पहिली दुरुस्ती व्याजाची. तू दरवर्षीच्या बचतीतून बँकेचं व्याज वजा केलंस आणि वर पुन्हा १४ टक्क्यांनी डिस्काउंट केलंस, म्हणजे पुढच्या पैशाची आजची किंमत काढायला तो १४ टक्क्यांनी कमी करत आणलास. पैशाची किंमत दोनदा लावलीस. डिस्काउंट रेटमध्ये व्याज आलेलंच असतं. ते काढून टाक. व्याज न धरता, कर वजा जाता तुझे ८ आणि १७ बरोबर आहेत असं समजून पुढे जाते.

आता १४ टक्क्यांनी मांडू. पाच वर्षं दरवर्षी १ रुपया येणार असेल तर १४ टक्क्यांना त्याची आजची किंमत ३.४३३१ रुपये. छोटी लाइन: ८ गुणिले ३.४३३१ म्हणजे २७.४६, त्यातून २० गेले, राहिले ७.४६ लाख. मोठी: ५८.३६ वजा ५०, राहिले ८.३६ लाख. आयआरआर छोटीचा साधारण २८.६ टक्के, मोठीचा २०.८. पेबॅक छोटीचा अडीच वर्षं, मोठीचा जवळजवळ तीन. म्हणजे टक्केवारीत आणि वेळेत बाबा जिंकले, आणि रुपयांत मेव्हणे जिंकले. इथेच सगळे अडकतात.

आयआरआर हा टक्का आहे, आणि टक्का किती रकमेवर मिळाला ते तो सांगत नाही. १०० रुपयांवर ५० टक्के मिळाले काय आणि १० लाखांवर २५ टक्के मिळाले काय, घरात काय आलं ते बघायचं ना? प्रोजेक्ट एकटा असेल, घ्यायचा की नाही एवढाच प्रश्न असेल, तर साध्या प्रोजेक्टमध्ये आयआरआर आणि एनपीव्ही एकच उत्तर देतात. पण दोघांतला एकच घ्यायचाय आणि दोघांचा आकार वेगळा आहे, किंवा एकाचे पैसे लवकर येतात आणि दुसऱ्याचे उशिरा, तेव्हा ते भांडतात, आणि तेव्हा मी तरी एनपीव्हीचं ऐकते, कारण तो आजच्या रुपयांत सांगतो की तुमची संपत्ती कितीने वाढली.

पण नुसतं एनपीव्ही मोठा म्हणून मोठी घे असं मी म्हणणार नाही. मी काय करते सांगते. मोठीतून छोटी वजा करते. मोठी घेतलीस तर छोटीपेक्षा ३० लाख जास्त घालतोस आणि त्या बदल्यात वर्षाला ९ लाख जास्त येतात. हा जो वरचा तुकडा आहे, ३० घालून ९ कमावणारा, तोच खरा तिसरा प्रोजेक्ट आहे आणि निर्णय फक्त त्याचा घ्यायचाय, कारण पहिले २० लाख तर दोन्हीकडे सारखेच जाताहेत. या तुकड्याचा आयआरआर काढलास तर येतो १५.२ टक्के. अमेरिकी अर्थतज्ज्ञ अर्विंग फिशर यांनी १९३० मध्ये व्याजावर लिहिताना हाच वरच्या पैशाचा विचार मांडला होता, म्हणून या दराला बरेच जण फिशर रेट म्हणतात. तुझ्या पैशाची किंमत १५.२ च्या खाली असेल तर मोठी, वर असेल तर छोटी. १६ टक्क्यांनी मांडून बघ, छोटीचे ६.१९ राहतात आणि मोठीचे ५.६६, पारडं फिरलं. बाबा आणि मेव्हणे ज्यावरून भांडताहेत तो सगळा वाद म्हणजे हा तुकडा, आणि २८ टक्के की २० टक्के या आकड्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

मग १४ आला कुठून? तू लिहिलंस बँक ११ टक्क्यांनी देतेय आणि अर्धे पैसे घरचे आहेत. तुमची पार्टनरशिप फर्म, उत्पन्न कोटीच्या आत, म्हणजे सेससकट ३१.२ टक्के कर. व्याजावर कर वाचतो, म्हणून ११ चे खरे पडतात साधारण ७.६. घरच्या पैशाला फुकट समजू नकोस, बाबांनी ते नमकीनच्या धंद्यातली जोखीम घेऊन लावलेत, त्यावर २० टक्के तरी मागायला हवेत. अर्धे-अर्धे धरले की १३.८ होतात, म्हणून १४ ठीक आहे. कुणी म्हणेल की बँक ११ ने देतेय तर ११ च धरू, ते चूक. बँक ११ ने देते ती तुमचं घर आणि कारखाना तारण ठेवून, जोखमीचा मोठा भाग तुमच्याच अंगावर ठेवून.

याच्यावरून आठवलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या इंदूर महापालिकेने जलूदच्या ६० मेगावॅट सोलरसाठी २४४ कोटींचे ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठी लोकांकडून घ्यायच्या कर्जाचे रोखे, काढले होते, नर्मदेचं पाणी इतक्या लांबून वर चढवायला जी वीज लागते तिच्यासाठी. व्याज होतं ८.२५ टक्के. तेव्हा दोन-तीन क्लायंट मला म्हणाले, मॅडम सोलरला ८.२५ चाच रेट लावा ना. लावून बघ, तुझ्या सोलरचा एनपीव्ही १७ लाखांच्या वर जातो, आणि १४ ने तोच ५.७१ राहतो. पण तो दर महापालिकेच्या जोखमीचा आहे, तिची वसुली आणि तिचं रेटिंग वेगळं, तो नमकीनवाल्याला लागू होत नाही. सोलरच्या बचतीत विक्रीचं टेन्शन नाही, वीज तर लागणारच, म्हणून सोलरला १४ ऐवजी १२ लावला तर मी वाद घालणार नाही. पण ८.२५ नाही.

बरं, आता भावाचं ऐक, कारण माझ्या मते या घरात सगळ्यात बरोबर बोट त्याने ठेवलंय, त्याला मांडता आलं नाही एवढंच. सोलरचा पेबॅक ५ वर्षं, आयआरआर साधारण १८.४ टक्के, तिघांत सगळ्यात कमी. म्हणून सगळ्यांनी ते पहिल्या मिनिटाला बाजूला टाकलं. पण तुमच्याकडे आहेत ५० लाख. मोठी लाइन घेतली तर सगळे संपले आणि एनपीव्ही ८.३६. छोटी अधिक सोलर घेतलं तर ४५ लाख लागले आणि एनपीव्ही ७.४६ अधिक ५.७१, म्हणजे १३.१७ लाख, वर ५ लाख हातात. प्रश्न छोटी की मोठी असा नव्हताच, प्रश्न होता की वरचे ३० लाख मोठ्या लाइनमध्ये जास्त कमावतात की दुसरीकडे.

तू म्हणशील ताई, १५ वर्षांची ५ वर्षांशी तुलना कशी केलीस. रास्त आहे. अशा वेळी एनपीव्हीला वार्षिक करायचं, म्हणजे तेवढ्याच वर्षांच्या फॅक्टरने, पाच वर्षांना वरच्या ३.४३३१ ने, भागायचं. मोठी लाइन वर्षाला २.४४ लाखांची भर घालते. छोटी २.१७ आणि सोलर ०.९३, दोघं मिळून ३.१०. तरीही पुढेच. सोलरमध्ये दोन गोष्टी मात्र तू धरल्या नाहीस: पॅनलचं उत्पादन दरवर्षी थोडं-थोडं घटतं, आणि इन्व्हर्टर मध्ये एकदा बदलावा लागतो. दहाव्या वर्षी २ लाख धरलेस तर आजचे ५४ हजार जातात, फार फरक नाही पण शीटमध्ये असू दे.

ही वार्षिक करायची पद्धत वेगवेगळ्या आयुष्याच्या मशीनला फारच लागते, आणि लोक तिथे हमखास फसतात. समज दोन बॉयलर आहेत. एक ६ लाखांचा, ३ वर्षं टिकतो, चालवायला वर्षाला ५ लाख. दुसरा १० लाखांचा, ६ वर्षं टिकतो, चालवायला साडेचार लाख. नुसती १४ टक्क्यांनी आजच्या किमतीत बेरीज केली तर पहिला १७.६१ लाख आणि दुसरा २७.५० लाख, आणि घरातले सगळे म्हणतात पहिला स्वस्त. अरे पण तो तीनच वर्षांचा खर्च आहे, चौथ्या वर्षी काय शेगडीवर काम करणार? वर्षाला वाटून बघ, पहिला ७.५८ लाख पडतो आणि दुसरा ७.०७. महाग दिसणारा वर्षाला ५१ हजारांनी स्वस्त आहे.

आता जे मला खरं तर सगळ्यात जास्त सांगायचंय. पद्धत कुठली यावर लोक रात्र-रात्र घालवतात आणि आकडे मशीनवाल्याच्या कोटेशनमधून उचलतात. तुझ्याच मोठ्या लाइनचं घे. मोठी लाइन म्हणजे बेसन जास्त, तेल जास्त, पॅकिंग फिल्मचा स्टॉक जास्त, आणि नवीन गावांच्या दुकानदारांना उधारी द्यावी लागणार ती वेगळी. समज ६ लाख त्यात अडकले, पाच वर्षांनी परत आले. परत आले तरी आजच्या किमतीत २.८८ लाखांचा फटका आहे. एनपीव्ही ८.३६ वरून ५.४८. छोटीत १ लाख अडकतील, तिचा ७.४६ चा ६.९८ होतो. झालं, छोटी पुढे. पण थांब, पाच वर्षांनी मशीन भंगारात जाणार नाही. मोठी १० लाखांना विकली गेली असं धर, आजचे ५.१९ लाख, एनपीव्ही १०.६७. छोटीचे २ लाख आले तर ८.०२. पुन्हा मोठी पुढे. आणि आता पहिल्या वर्षाकडे बघ. नवीन लाइन बसते, ट्रायल होते, सेवचा कुरकुरीतपणा जमेपर्यंत माल वाया जातो, वाढीव माल खपवायला वितरक शोधावे लागतात. पहिल्या वर्षी १७ ऐवजी १० च आले तर आजचे ६.१४ लाख गेले, राहिले ४.५३. आणि तू एका ओळीत सहज लिहून गेलास की मोठी लाइन मागच्या गोडाऊनमध्ये बसेल जे सध्या भाड्याने दिलंय! ते भाडं गेलं ना? महिन्याला १५ हजार, करानंतर वर्षाला सव्वा लाख धरले तरी पाच वर्षांचे आजचे ४.२९ लाख. मोठीचा एनपीव्ही उरला २४ हजार.

८.३६ पासून २४ हजारांपर्यंत आलो, आणि पद्धत एकदाही बदलली नाही.

उलट, मागच्या वर्षी मोठ्या लाइनच्या लेआउटसाठी कन्सल्टंटला जे दीड लाख दिलेत ते शीटमधून काढून टाक. ते गेले. मोठी घेतली तरी गेले, छोटी घेतली तरी गेले. बाबांना ते टोचतंय हे कळतं मला, पण त्या दीड लाखांसाठी ५० लाख घालू नका. एकच कसोटी लाव: हा निर्णय घेतल्याने कुठला पैसा बदलतो? बदलतो तो धर, बदलत नाही तो सोड. ऑफिसच्या भाड्याचा, अकाउंटंटच्या पगाराचा हिस्सा मशीनवर टाकणंही त्याच कसोटीत बाद होतं.

वर्किंग कॅपिटलवर, म्हणजे माल आणि उधारीत अडकणाऱ्या पैशावर, मी एवढी अडून बसते त्याला कारण आहे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत पीथमपूरच्या एका युनिटचा रिपोर्ट मी केला होता, मशीनचा पैसा पैसान् पैसा मोजला होता आणि अडकणाऱ्या मालाची ओळच नव्हती. मशीन आलं, बसलं, चाललं, आणि कच्चा माल घ्यायला पैसे नव्हते. मालकांनी बाहेरून महाग व्याजाने उचलले आणि दोन वर्षं त्यातून बाहेर यायला लागली. त्यांनी मला कधी बोल लावला नाही पण ती चूक माझी होती आणि ती मला अजून झोंबते. म्हणून सांगते, छोटी अधिक सोलर घेतल्यावर जे ५ लाख उरताहेत ते सजावटीत घालू नका.

कराचं थोडं. घसारा, म्हणजे मशीन झिजतं म्हणून हिशोबात धरलेला खर्च, हा खिशातून जाणारा पैसा नाही, पण तो कर वाचवतो म्हणून धरायचा. मशीनरीवर १५ टक्के, उरलेल्या किमतीवर. ५० लाखांवर पहिल्या वर्षी साडेसात लाख, म्हणजे २.३४ लाख कर वाचला. पण त्या आर्थिक वर्षात मशीन १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर अर्धाच मिळतो, म्हणून दिवाळीच्या तोंडावर घाईत बसवण्यापेक्षा सप्टेंबर मधेच चालू कर, सिझनही पूर्ण मिळेल. सोलरवर ४० टक्के मिळतो, २५ लाखांवर १० लाख, ३.१२ लाख कर पहिल्याच वर्षी. पण दोन्ही बाजू धर हं, बिल ५ लाखांनी कमी झालं की नफा ५ लाखांनी वाढला आणि त्यावर कर लागलाच. ते ५ लाख करानंतरचे आहेत की आधीचे हे तू लिहिलं नाहीस, ते आधी भावाला विचार, कारण वरचं माझं सगळं सोलरचं गणित करानंतरचे धरून आहे आणि घसाऱ्याचा फायदा त्यात धरायचा राहिलाय की आधीच आहे तेही बघ.

बाबांच्या पेबॅकला हसू नकोस. पेबॅकमध्ये नंतरची वर्षं दिसत नाहीत, पैशाची किंमत दिसत नाही, हे सगळं खरं, पण ज्याने एकदा तेलाचे भाव चढताना आणि उधारी बुडताना कारखाना सांभाळलाय तो विचारतो की माझा पैसा किती दिवस बाहेर राहणार, आणि तो प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर मी दुसऱ्या पद्धतीने देते: अंदाज किती चुकला तर बुडतो? छोटीत वर्षाला ८ च्या जागी ५.८३ आले तरी पैसा वसूल, म्हणजे २७ टक्के चुकलं तरी चालतं. सोलरमध्ये ५ च्या जागी ४.०७, साधारण १९ टक्के. मोठीत १७ च्या जागी १४.५६ आले की काटा शून्यावर, फक्त १४ टक्के. हा कागद बाबांसमोर ठेव, त्यांना एनपीव्ही समजावत बसायची गरज पडणार नाही.

मेव्हण्यांचीही एक बाजू आहे आणि ती मी टाळणार नाही. माल खपणारच असेल, म्हणजे आत्ताच ऑर्डर परत जात असतील, तर पहिल्या वर्षाचा खड्डा येणार नाही आणि मोठी पुन्हा उभी राहते. कंटिन्युअस फ्रायरमध्ये तेल सतत गाळलं जातं, तेल कमी खराब होतं, आणि तळणाच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड (तेल पुन्हा पुन्हा तापून खराब झालं की वाढणारे घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरता येत नाही हा एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम आहेच, तर तेलाची बचत त्यांनी नीट मोजून दाखवावी, कोटेशनमधली नको. त्यांना सांग, गेल्या वर्षात किती किलोच्या ऑर्डर आपण नाकारल्या त्याची यादी आणा. यादी मोठी निघाली तर मी माझं मत बदलेन. पण अंदाजावर ५० लाख नाही.

एक्सेलचंही सांगून ठेवते, तुझ्या शीटमध्ये तीच गडबड दिसतेय. एनपीव्हीचा फॉर्म्युला पहिला आकडा वर्षअखेरचा समजतो. तू आजचे २० लाखही कंसात टाकलेस, म्हणून सगळंच एक वर्ष पुढे ढकललं गेलं आणि तुझा छोटीचा एनपीव्ही ७.४६ ऐवजी ६.५५ आलाय. आजची रक्कम कंसाच्या बाहेर ठेवून वजा कर. आणि महागाई धरायची तर दोन्हीकडे धर, बँकेच्या ११ टक्क्यांत महागाई आहेच, मग बेसन, पगार, विक्रीचा भाव हेही दरवर्षी वाढव, नाहीतर पाचव्या वर्षाचा नफा उगाच बारीक दिसतो.

माझं मत आज तरी छोटी अधिक सोलर, आणि मागचं गोडाऊन भाड्यानेच राहू दे. दोन वर्षांनी माल कमी पडायला लागला तर ती जागा तिथेच आहे, तेव्हा मोठीचं गणित खऱ्या विक्रीच्या आकड्यांवर पुन्हा मांडता येईल. ऑर्डर देण्याआधी तीन कागद काढून ठेव: १२ महिन्यांची वीजबिलं, तेलाचं रजिस्टर, आणि नाकारलेल्या ऑर्डरची ती यादी. बिलांमध्ये युनिट आणि फिक्स चार्ज वेगळे लिही, सोलरने फिक्स चार्ज कमी होत नाही आणि भावाने पूर्ण बिलावर बचत काढली असेल तर ते ५ लाख पहिले खाली येतील.